देणाऱ्याला ‘नको’ म्हणायचं बटण

आमचं देणगीचं ॲप सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या चार दिवस आधी ताईंचा फोन आला, मानखुर्दला बालवाडी चालवतात त्या. हॅलो नाही, कशी आहेस नाही, डायरेक्ट "अगं तुझं ते ॲप आधी बंद कर, मला माझ्याच खोलीत शिरता येत नाहीये." मला वाटलं गंमत करतायत. संध्याकाळी मानखुर्दला गेले तर खरंच दारापासून जिन्यापर्यंत पिशव्या, गोण्या, चेन नसलेली सायकल, लग्नातल्या शेरवानीचा बॉक्स, आणि बॉक्स रिकामा नाही बरं का, आत शेरवानी होती, आणि सगळ्यात वर एक मोठा प्रेशर कुकर, शिट्टी नसलेला. बालवाडीची पोरं बाहेर पॅसेजमध्ये बसलेली, कारण आत सतरंजी टाकायलाच जागा उरली नव्हती. पुनर्वसनाच्या बिल्डिंगमधली खोली ती, सव्वादोनशे स्क्वेअर फूट, त्यातच बालवाडी, त्यातच संध्याकाळची अभ्यासिका आणि त्यातच कपाट.

हे सगळं आमच्या ॲपमुळे झालेलं. आणि आम्ही त्याच आठवड्यात परळच्या ऑफिसात पेढे खात होतो, कारण डॅशबोर्डवर आकडे मस्त दिसत होते.

सुरुवातीपासून सांगते. आम्ही तिघं. मी डिझाइन करते, एक डेव्हलपर, आणि एक मित्र ज्याने आधी काही वर्षं वस्त्यांमध्ये काम केलंय. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या निधीतून, थोडे पैसे मिळाले होते आणि काम असं होतं की मुंबईतल्या देणाऱ्या लोकांना वस्तीतल्या छोट्या संस्थांशी जोडायचं. मोठ्या संस्थांचं ठीक असतं, त्यांच्या वेबसाइट असतात, जानेवारीत मॅरेथॉनला त्यांच्यासाठी लोक धावून पैसे गोळा करतात. पण गल्लीतली अभ्यासिका, सात-आठ बायकांचं मंडळ, एखादी बालवाडी, यांना शेजारच्या स्टेशनवरचा माणूसही ओळखत नाही. कल्पना चांगलीच होती, अजूनही चांगलीच आहे असं माझं मत आहे.

चूक कुठे झाली तर आम्ही आधी देणाऱ्यांशी बोललो. दादर, बोरिवली, मुलुंड, लोकांच्या घरी जाऊन चहा पिऊन गप्पा मारल्या आणि सगळ्यांचं एकच, घरात सामान पडलंय, द्यायचंय, टाकवत नाही, पण कुणाला द्यायचं कळत नाही, वॉचमनला दिलं की तो भंगारवाल्याला देतो. मग आम्ही तोच प्रॉब्लेम सोडवला. शॉपिंग ॲपसारखं केलं, संस्थांची कार्डं, फोटो, खाली मोठं केशरी बटण ‘आता द्या’, तीन टॅपमध्ये काम खल्लास. डेव्हलपर म्हणायचा दोन टॅपमध्ये पण करता येईल.

संस्थांशीही बोललो की, नाही असं नाही. पण कसं, तर फॉर्म घेऊन गेलो आणि विचारलं, ताई तुम्हाला काय काय लागतं? ताई म्हणाल्या, "काहीही चालेल हो." ते ‘काहीही’ आम्ही जसंच्या तसं डेटाबेसमध्ये घातलं. आणि लोकांनी काहीही दिलं.

ॲप आम्ही २ ऑक्टोबरला सोडलं. २ ते ८ ऑक्टोबर दानोत्सव असतो, २००९ पासून चालू आहे, आम्हाला वाटलं यापेक्षा भारी मुहूर्त कुठला. त्याच्या मागोमाग काय येतं हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं. दिवाळीची साफसफाई! माळ्यावरून जे जे खाली आलं ते सगळं मानखुर्दला गेलं.

त्या संध्याकाळी पॅसेजमध्ये बसून मी ताईंना विचारलं की ताई तुम्ही नको का नाही म्हणालात, ॲपमध्ये मेसेज करायची सोय होती. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी काहीतरी भलतंच बोलले. "धर्माची गाय अन् दात का नाय, असं म्हणतात लोक. आज नको म्हटलं तर उद्या वह्यांच्या वेळेला हा माणूस दारात उभा राहील का?" मग म्हणाल्या की २००५ च्या २६ जुलैनंतर पण असंच झालं होतं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आपल्याला आकडा म्हणून पाठ आहे, त्यांना आठवतं ते म्हणजे नंतर आलेले साड्यांचे गठ्ठे. घरात गुडघाभर चिखल, प्यायला पाणी नाही, ब्लीचिंग पावडर नाही, पोरांची दप्तरं वाहून गेलेली आणि टेम्पोतून साड्या उतरतायत, आणि उतरवून घ्याव्या लागतायत कारण देणारा बिचारा चांगल्या मनाने आलाय.

म्हणजे संस्थेला नको म्हणता येत नव्हतं असं नाही, परवडत नव्हतं. देणारा नाराज झाला तर त्याची किंमत ताईंनी मोजायची, सामान ठेवून घेतलं तर त्याचीही ताईंनीच मोजायची. त्या ढिगाचं काय झालं ते बघा, दोन बायका आणि एक काका तीन दिवस निवडत बसले, अंगणवाडीच्या मीटिंगला जायचं राहिलं, आणि जे नको होतं ते हलवायला टेम्पोचं भाडं संस्थेच्या खिशातून गेलं. वस्तू फुकट असते, ती निवडणं, ठेवणं, वाटणं फुकट नसतं. गूंज संस्था १९९९ पासून कपड्यांचं काम करते, अंशु गुप्तांना २०१५ ला मॅगसेसे मिळालं, त्यांच्याकडे तर निवडणं हेच मोठं काम आहे, आलेलं सामान तपासून, वर्गवारी करून मग गरजेप्रमाणे पुढे जातं. पण त्यांच्याकडे त्यासाठी गोदामं आणि माणसं आहेत. ताईंकडे एक जिना होता आणि तो पण सोसायटीचा.

दुसऱ्या व्हर्जनला आम्ही केशरी बटण काढून टाकलं. डेव्हलपरला वाईट वाटलं, त्याने त्या बटणावर छान ॲनिमेशन केलं होतं.

आता संस्था ‘गरज’ लिहिते आणि गरज लिहिल्याशिवाय कुणीच काही देऊ शकत नाही. एका गरजेत एकच वस्तू, किती नग, कधीपर्यंत आणि ठेवायला जागा किती. हा शेवटचा प्रश्न आमच्या डोक्यात आलेला नाही, काकांच्या डोक्यातला आहे. काका म्हणजे संस्थेचे खजिनदार, बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले गाडी भरली की मी काय करायचो, डबल बेल मारायचो आणि निघायचो, स्टॉपवरचे लोक शिव्या देतात ते देतात. म्हणून नग भरले की गरज आपोआप बंद होते आणि देणाऱ्याला ‘गाडी भरली’ असा मेसेज जातो, खाली दुसऱ्या संस्थांच्या चालू गरजा दिसतात. लोकांना हे आवडलं, निदान रागावलं तरी कुणी नाही.

त्याच्याही पुढे जे बटण आलं ते म्हणजे ‘नको’. पहिल्यांदा मी लाल केलं होतं, क्रॉसची खूण वगैरे. ताईंना टेस्टिंगला दिलं तर त्यांचा अंगठा बटणावर जायचा आणि परत मागे यायचा, तीनदा असं झालं, मी समोर बसून बघत होते. मग विचारलं तर म्हणाल्या, "हे दाबलं की त्या माणसाला काय दिसणार?" बरोबर आहे ना, समोरच्याला काय ऐकू जाणार हे माहीत नसताना कोण नको म्हणेल. तेव्हा मग बटण दाबायच्या आधीच ते वाक्य दाखवायचं असं ठरलं आणि ती वाक्यं आम्ही न लिहिता ताईंकडून वदवून घेतली. ‘सध्या ठेवायला जागा नाही, जागा झाली की आम्हीच कळवू.’ ‘हे आमच्या पोरांच्या वयाचं नाही.’ ‘आत्ता नको, जूनमध्ये द्याल का, १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात.’ या तिसऱ्या वाक्यातून एक फीचरच निघालं, नको म्हणायचं नसून ‘नंतर’ म्हणायचंय असे कितीतरी प्रसंग होते. वह्या जूनला, ताडपत्री मेच्या शेवटी, स्वेटर तर मुंबईत कधीच नको पण लोक देतात. देणाऱ्याने ‘नंतर’ला हो म्हटलं की ॲप त्या महिन्यात त्याला आठवण करतं. वस्तू तोपर्यंत त्याच्याच माळ्यावर राहते. मुंबईत माळा ही काय साधी गोष्ट आहे का, पण निदान त्याच्याकडे माळा आहे.

देणाऱ्याच्या बाजूला एकच प्रश्न वाढवला, ‘हे तुम्ही तुमच्या घरातल्या माणसाला द्याल का?’ हो आणि नाही. नाही म्हटलं तर भंगारवाल्याला देणंच कसं बरं हे दोन ओळीत सांगतो. सीएसआरवाल्या कंपनीतल्या मॅडम म्हणाल्या यामुळे लोक मध्येच सोडून जातील. गेलेच काही. जाऊ देत.

आता अंतराचा घोळ. पहिल्या व्हर्जनमध्ये ‘जवळच्या संस्था’ म्हणून दहा किलोमीटरचं वर्तुळ टाकलं होतं, सगळे तसंच करतात. बोरिवलीच्या एका काकूंना ॲपने मुलुंडची संस्था दाखवली. नकाशावर दहा-एक किलोमीटरच आहे, मधे फक्त अख्खं संजय गांधी नॅशनल पार्क आहे! ट्रेनने जायचं तर दादरपर्यंत खाली येऊन पूल चढून सेंट्रलने परत वर, हातात भांड्यांची गोणी. काकूंनी एकदा केलं आणि मग ॲप काढून टाकलं. आम्ही वर्तुळ फेकून दिलं आणि स्टेशन विचारायला लागलो, तुमचं रोजचं स्टेशन कुठलं आणि ऑफिसचं कुठलं. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, ज्या लाइनीवर माणूस रोज जातोच त्या लाइनीवरची संस्था आधी दाखवायची, बदली करावी लागत असेल तर खाली. चेंबूरला राहून सीएसएमटीला जाणाऱ्या माणसाला गोवंडी मागच्या बाजूला तीन मिनिटांवर असली तरी वडाळ्याची संस्था सोयीची पडते कारण ती त्याच्या वाटेवर आहे, हे वर्तुळाला कधीच कळलं नसतं. सामान द्यायची वेळ आम्ही आधी रविवार सकाळ ठेवली होती, मग कुणीतरी आठवण करून दिली की रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा ती शनिवारवर आणली.

टायपोग्राफीबद्दल थोडं बोलते कारण यावर कुणी बोलत नाही. ताईंचा फोन साधा अँड्रॉइड, काच तडकलेली, स्टोरेज कायम फुल कारण नातेवाइकांचे गुड मॉर्निंगचे फोटो. आमचं ॲप दर आठ दिवसांनी त्या डिलीट करायच्या, भाच्याचा बारशाचा व्हिडिओ ठेवायचा की आमचं ॲप, तर व्हिडिओच ठेवणार ना. शेवटी संस्थांसाठी ॲप हा प्रकारच बंद केला, साधी लिंक दिली, व्हॉट्सॲपवर पिन करून ठेवा म्हटलं. आणि त्या फोनवर अक्षर वाढवलं की बटणातल्या ‘वर्गणी’चा रफार कापला जायचा, ‘किती’ची वेलांटी वरच्या रेषेत घुसायची. इंग्लिशसाठी केलेल्या बटणात देवनागरी कोंबली की हेच होणार, आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार दोन्हीला जागा लागते. मुक्ता फॉन्ट घेतला, मुंबईच्याच एक टाइपने केलेला आणि फुकट आहे, ओळींमधलं अंतर दीडपटीच्या पुढे नेलं. मग अजून एक, भाषा हिंदी सेट राहिली की ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. काकांनी लगेच पकडलं, "हा ल आपला नाही." डेव्हलपरने भाषेचा कोड मराठी केला की ते नीट झालं, पाच मिनिटांचं काम, पण काका त्या दिवसापासून ॲपला आपलं म्हणायला लागले.

पैशांचा भाग आम्ही सगळ्यात शेवटी घेतला आणि बरं झालं शेवटी घेतला. पहिला बेत होता की पैसे आमच्या खात्यात घ्यायचे आणि महिन्याला संस्थांना द्यायचे. तर आरबीआयचे मार्च २०२० चे पेमेंट ॲग्रिगेटरचे नियम वाचले, दुसऱ्याचे पैसे गोळा करून पुढे पाठवायचे तर परवाना लागतो आणि अर्ज करतानाच १५ कोटींची नेटवर्थ. आमची तिघांची मिळून १५ हजार होती का शंका आहे. म्हणून मग पैसे थेट संस्थेच्या खात्यावर, यूपीआयने, आम्ही मधे नाहीच. आयफोनला तर ॲपलचा वेगळा नियम, मान्यता घेतलेल्या संस्था सोडल्या तर ॲपच्या आत देणगी घ्यायची नाही, सफारीत लिंक उघडायची, म्हणून तिकडे तसं केलं.

आणि इथे एक अशी गोष्ट कळली की जी कुठल्या रिसर्चमध्ये आली नसती. लोक क्यूआरपर्यंत येत होते आणि पैसे न देता परत जात होते. एका घरी बसून बघितलं तर यूपीआयच्या स्क्रीनवर संस्थेचं नाव न येता एका बाईंचं नाव येत होतं, मंडळाच्या खजिनदार, क्यूआर त्यांच्या पर्सनल खात्याचा. फ्रॉडच्या बातम्या वाचून बसलेला माणूस तिथेच थांबणार. खजिनदार बाई शंभर टक्के प्रामाणिक, वहीत पै न् पै लिहिलेली, पण स्क्रीनला वही दिसत नाही. मग संस्थेच्या नावाने खातं, त्यासाठी ठराव, दोन सह्यांचे अधिकार, बँकेच्या चकरा, यात आमचे आठवडे गेले आणि हे काम डिझाइनरचं आहे का असं मला अधूनमधून वाटायचं.

काही मंडळं कुठेच रजिस्टर नव्हती. सुरुवातीला आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या संस्थांना निळी टिक दिली होती, झालं काय की टिक नसलेली मंडळं चोर दिसायला लागली. टिक काढली आणि साधं वाक्य लिहिलं, ‘धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी: आहे’ किंवा ‘नाही, वस्तूच घेतात’. नोंदणी नसेल तर पैशांचं बटण येत नाही, एवढंच.

पावतीवरून मात्र डोकं फिरायची वेळ आली. एका गृहस्थांनी जुना मिक्सर देऊन ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळते त्याची, पावती मागितली. वस्तूंवर ८०जी मिळत नाही, दोन हजारांच्या वर कॅश दिली तर मिळत नाही, नव्या टॅक्स रिजीममध्ये तर नाहीच नाही, हे तेव्हाचे सगळे नियम आम्ही पैसे देण्याच्या आधीच्या स्क्रीनवर तीन ओळीत लिहिले. संस्थेलाही तेव्हा ३१ मेच्या आत १०बीडी हा देणग्यांच्या तपशिलाचा फॉर्म भरून देणाऱ्याला १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र द्यायचं असायचं, त्यात पॅन लागायचा, म्हणून पॅन विचारायचा, पण फक्त ज्याला ८०जी हवंय त्यालाच, बाकीच्यांना कशाला. यूपीआयचा बारा आकडी नंबर आणि नाव जुळवायचं काम अजून काका हाताने करतात, शनिवारी संध्याकाळी, बोटाने ओळ धरून. आम्ही म्हटलं ऑटोमॅटिक करून देतो तर म्हणाले तीस वर्षं वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, जुळवलंय, माझ्या हातचा एक रुपया चुकलेला दाखव. नाही दाखवता आला.

शब्दांवर भांडणं झाली ती वेगळीच. ‘दान’ की ‘मदत’ की ‘देणगी’. मदत म्हटलं की समोरचा बिचारा होतो, दान म्हटलं की देणारा मोठा होतो, हे आमच्या वस्तीत काम केलेल्या मित्राचं म्हणणं. देणगी राहिलं, पावतीपुस्तकावर तेच छापलेलं असतं. पोरांच्या चेहऱ्यांचे फोटो पण गेले. २०२३ च्या डेटा कायद्यात अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची परवानगी लागते हे खरं, पण त्याआधीच ताईंनी विचारलं होतं की तुझ्या भाचीचा फोटो टाकशील का असा, दप्तर फाटलेला? मग आता वह्यांचा गठ्ठा दिसतो, खोली दिसते, सतरंजी दिसते.

दुसऱ्या वर्षी आकडे पहिल्यापेक्षा बारीक आले. वस्तू कमी, देणारे कमी, सीएसआरच्या मीटिंगमध्ये मॅडमनी ती स्लाइड दोनदा मागे नेऊन बघितली. मी ताईंच्या खोलीचा फोटो दाखवला, दिवाळीच्या आठवड्यातला, सतरंजीवर पोरं बसलीत. त्या म्हणाल्या यात काय बघायचं? मी म्हटलं जमीन बघा.

त्याच आठवड्यात मी फराळ घेऊन मानखुर्दला गेले होते. ताईंनी पंधरा दिवस आधीच सगळ्या गरजा बंद केल्या होत्या. तरी एक जण आलाच, हातात दोन मोठ्या पिशव्या, मागच्या वर्षी पण तुम्हालाच दिलं होतं म्हणाला. ताईंनी फोन काढला, तडकलेली काच त्याच्यासमोर धरली आणि अगदी हताश चेहरा करून म्हणाल्या, "माझ्या हातात काय नाय हो दादा, हे बघा, ॲपच नको म्हणतंय." तो बिचारा ॲपला नावं ठेवत पिशव्या उचलून निघाला. ताईंनी त्याला जिन्यावर गाठून एका पिशवीतला मोठा कुकर तेवढा काढून घेतला. मागच्या वर्षीच्या कुकरला शिट्टी नव्हती ना, म्हणाल्या, ह्याला आहे, आणि दोन्ही कुकरांची झाकणं अदलाबदल करून बघत तिथेच पायरीवर बसल्या.